खाऱ्या पाण्याचे पहिले मत्स्यालय : निवड आणि पूर्वतयारी

गोव्यातील माणसाला समुद्र नवा नाही. रापणीच्या जाळ्यात उसळणारे बांगडे, ओहोटीच्या वेळी खडकांतील डबक्यात क्षणभर चमकून दिसेनाशी होणारी इवलीशी मासळी, ही दृश्ये आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. मुंबईस गेलेल्या अनेकांनी १९५१ साली खुल्या झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयात प्रवाळांच्या प्रदेशातील रंगीत मासेही पाहिले असतील. अशा वेळी समुद्राचा एक लहानसा तुकडा आपल्या दिवाणखान्यात असावा, अशी इच्छा मनात येणे स्वाभाविक आहे. शिवाय समुद्र दाराशीच असल्यामुळे हे काम सोपे असावे, असाही पुष्कळांचा समज होतो.

परंतु बहुधा घडते ते असे. घरातील मुलांच्या आग्रहाखातर शनिवारी एक लहान, सुबक काचपेटी विकत आणली जाते. त्याच संध्याकाळी ती पाण्याने भरली जाते आणि रविवारी तीत चार-पाच रंगीत मासे सोडले जातात. पहिले तीन-चार दिवस सारे घर पेटीपुढे बसून असते. त्यानंतर मासे पृष्ठभागाशी येऊन भराभर श्वास घेऊ लागतात, खाणे सोडतात आणि दुसरा आठवडा संपण्यापूर्वी पेटी रिकामी होते. पाणी तर आरशासारखे स्वच्छ दिसत असते. मग दोष दुकानदारास, माशांस किंवा नशिबास दिला जातो आणि ती पेटी माळ्यावर जाते.

या अपयशाचे कारण बहुतेक वेळा एकच असते. मासे पाळण्याचा छंद हा प्रथम पाणी पाळण्याचा छंद आहे, ही गोष्ट लक्षात घेतली जात नाही. पहिले मत्स्यालय निवडताना ‘कोणता मासा घ्यावा’ या प्रश्नाने सुरुवात न करता ‘कोणते पाणी आपण वर्षभर स्थिर राखू शकू’ या प्रश्नाने सुरुवात केली, तर पुढील बहुतेक निर्णय आपोआप योग्य होतात. प्रस्तुत लेखात याच दृष्टीने निवडीचा विचार केला आहे.

समुद्री मासा आणि त्याचे पाणी

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारणपणे ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात. समुद्री माशाच्या शरीरातील द्रवांत क्षारांचे प्रमाण याहून पुष्कळच कमी असते. त्यामुळे त्याच्या शरीरातील पाणी सतत बाहेरच्या खाऱ्या पाण्याकडे खेचले जाते. ही हानी भरून काढण्यासाठी तो समुद्राचे पाणी पितो आणि जादा क्षार मुख्यतः कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. गोड्या पाण्यातील माशाची स्थिती याच्या नेमकी उलट असते. तात्पर्य, समुद्री मासा अहोरात्र आपल्या शरीरातील पाण्याचा तोल सांभाळत असतो. बाहेरची क्षारता वरचेवर बदलू लागली, तर हे काम त्यास जड जाते आणि तो रोगास बळी पडतो.

दुसरी अडचण प्राणवायूची. २५ अंश सेल्सिअस तापमानाच्या गोड्या पाण्यात जेवढा प्राणवायू विरघळू शकतो, त्याच्या सुमारे एक पंचमांश कमी प्राणवायू त्याच तापमानाच्या समुद्राच्या पाण्यात मावतो. तिसरी अडचण अमोनियाची. पाण्याचा सामू जसजसा वाढतो, तसतसे अमोनियाचे विषारी स्वरूपातील प्रमाण वाढत जाते. सामू ७ असलेल्या पाण्याच्या तुलनेत सामू ८.२ असलेल्या पाण्यात हे प्रमाण दहापटीहून अधिक असते, आणि समुद्राच्या पाण्याचा सामू याच सुमारास असतो. म्हणूनच गोड्या पाण्यातील मत्स्यालयात खपून जाणारी चूक येथे खपत नाही.

पेटी केवढी असावी?

लहान पेटी स्वस्त व सोपी, मोठी पेटी खर्चिक व अवघड, अशी सर्वसाधारण समजूत आहे. तिचा पहिला भाग निम्माच खरा आहे. लहान पेटी घेण्यास स्वस्त पडते, परंतु सांभाळण्यास तीच अधिक अवघड असते. एका साध्या हिशेबाने हे स्पष्ट होईल.

पाण्याची वाफ होते तेव्हा क्षार मागे राहतात. समजा, दोन दिवसांत २ लिटर पाण्याची वाफ झाली. पेटीत ४० लिटर पाणी असेल, तर क्षारता ३५ वरून जवळजवळ ३६.८ वर जाईल. पेटीत २०० लिटर पाणी असेल, तर ती केवळ ३५.३५ होईल. पहिल्या पेटीतील माशास हा बदल जाणवेल, दुसऱ्या पेटीतील माशास तो जाणवणारही नाही. हाच न्याय अमोनियास आणि तापमानासही लागू आहे. एखादा मासा रात्री दगडाआड मरून पडला, तर मोठ्या पेटीत सकाळपर्यंत उपाय करण्यास अवसर असतो, लहान पेटीत तो नसतो.

यास्तव पहिली पेटी निदान दीडशे लिटरची असावी. जागा व ऐपत असल्यास १२० सेंटिमीटर लांब, ४५ सेंटिमीटर रुंद व ४५ सेंटिमीटर उंच ही पेटी नवशिक्यास उत्तम. तिचे एकूण आकारमान २४३ लिटर भरते, आणि दगड व वरची मोकळी जागा वजा जाता सुमारे २०० लिटर पाणी तीत राहते. उंच व अरुंद पेट्या दिसावयास डौलदार असतात, परंतु त्यांचा पृष्ठभाग लहान असल्याने हवेची देवघेव कमी होते, तळापर्यंत हात पोहोचत नाही आणि माशांस पोहण्यास लांबीही मिळत नाही. गोल भांडे तर सर्वथा वर्ज्य समजावे.

अशा पेटीचे पाणी, काच, दगड व घडवंची मिळून वजन तीनशे किलोच्या वर जाते. तेव्हा ती भिंतीलगत, भक्कम व समतल जमिनीवर ठेवावी. जुन्या घरांतील लाकडी तक्तपोशीवर किंवा सज्जावर ती ठेवू नये. खिडकीतून थेट ऊन येणारी जागाही टाळावी, कारण उन्हाने पाणी तापते आणि शेवाळ माजते.

पाणी कोठून आणावे?

समुद्र जवळ असता विकतचे मीठ कशास, हा प्रश्न गोव्यातील वाचकाच्या मनात प्रथम येईल. प्रश्न रास्त आहे, परंतु किनाऱ्याचे पाणी म्हणजे खोल समुद्राचे पाणी नव्हे. पावसाळ्यात मांडवी व झुआरी या नद्या इतके गोडे पाणी आणतात की, त्यांच्या खाड्यांतील वरच्या थराची क्षारता अत्यंत खाली येते. या पाण्याबरोबर गाळ येतो, सांडपाण्याचे अंशही येतात. धक्क्यांच्या व जेटींच्या आसपास डिझेलचा तवंग असतो. शिवाय अशा पाण्यातून रोगजंतू व परोपजीवी प्राणी घरात येण्याची भीती असते. म्हणून नवशिक्याने निदान पहिली दोन वर्षे तयार मिश्र क्षार वापरून पाणी करावे. इंदूर, बडोदे किंवा हैदराबाद येथील हौशी मंडळींस तर याखेरीज दुसरा मार्गच नाही. त्यात ते काहीही गमावत नाहीत.

मिश्र क्षारांऐवजी स्वयंपाकघरातील मीठ चालणार नाही. समुद्रातील क्षारांत सोडियम व क्लोरीन यांचा वाटा सुमारे ८५ टक्के असला, तरी उरलेल्या भागातील मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम इत्यादी घटकांवाचून ते पाणी समुद्राचे होत नाही. मिश्र क्षार दर लिटरास सुमारे ३५ ते ३८ ग्रॅम या प्रमाणात लागतात. ते आर.ओ. यंत्रातून काढलेल्या शुद्ध पाण्यात मिसळावेत. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, आणि विहिरीच्या पाण्यातील नायट्रेट व इतर द्रव्ये शेवाळास खाद्य पुरवितात. पाणी निराळ्या पिंपात मिसळून, पंपाने एक दिवस ढवळून, मगच पेटीत घालावे. मासे असलेल्या पेटीत कोरडे क्षार कधीही टाकू नयेत.

रोज जी वाफ होते, तिच्या जागी मात्र शुद्ध गोडे पाणीच घालावे, खारे नव्हे. काचेवर बाहेरून पाण्याच्या पातळीची एक खूण करून ठेवल्यास घरातील लहान मुलासही हे काम अचूक करता येते.

अदृश्य कामकरी

माशांची विष्ठा, त्यांच्या कल्ल्यांतून होणारे उत्सर्जन आणि उरलेले अन्न यांतून अमोनिया निर्माण होतो. निसर्गात काही सूक्ष्म जीव या अमोनियाचे नायट्राइटमध्ये व दुसरे काही जिवाणू नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. अमोनिया व नायट्राइट ही दोन्ही विषे आहेत. नायट्रेट त्या मानाने पुष्कळ सौम्य असून थोडे थोडे पाणी बदलून ते कमी करता येते. नव्या पेटीत हे कामकरी नसतात. दगडांच्या छिद्रांत व गाळणीत त्यांची वस्ती होण्यास साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. वर सांगितलेल्या शनिवार-रविवारच्या पेटीतील मासे कशाने मेले, याचे उत्तर येथे आहे. पाणी स्वच्छ दिसत होते, परंतु अमोनिया डोळ्यांस दिसत नाही.

पूर्वी या कामासाठी एखादा काटक मासा प्रथम सोडण्याची पद्धत होती. त्या माशाच्या जिवावर पेटी तयार करण्याची ही रीत आज त्याज्य मानली जाते, आणि तिची गरजही नाही. पाणी, दगड व पंप सिद्ध झाल्यावर पेटीत मासे न सोडता शुद्ध अमोनियम क्लोराइडचे द्रावण घालून अमोनियाचे प्रमाण लिटरमागे २ मिलिग्रॅमपर्यंत आणावे. ते न मिळाल्यास सोललेल्या कोळंबीचा लहानसा तुकडा टाकला तरी चालतो. त्यानंतर दर दोन-तीन दिवसांनी चाचणीसंचाने पाणी तपासून आकडे वहीत लिहून ठेवावेत. प्रथम अमोनिया वाढून उतरू लागेल, मग नायट्राइट वाढून उतरेल आणि शेवटी नायट्रेट दिसू लागेल. पुन्हा २ मिलिग्रॅमपर्यंत अमोनिया घातला असता चोवीस तासांत अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर येत असतील, तर पेटी तयार झाली असे समजावे. मग निम्मे पाणी बदलून नायट्रेट उतरवावे आणि नंतरच माशांचा विचार करावा.

हे पाच-सहा आठवडे रिकामी पेटी पाहत बसणे कठीण वाटते. परंतु या छंदात यश येणार की नाही, याची परीक्षा याच काळात होते.

आवश्यक साधने

केवळ मासे ठेवावयाच्या पहिल्या मत्स्यालयास फार साधने लागत नाहीत. सच्छिद्र सिरॅमिक दगड व सूक्ष्म जिवांच्या वस्तीसाठी गाळणी, पाणी खेळते ठेवणारे दोन लहान पंप, साधा प्रकाश आणि घट्ट परंतु हवा जाऊ देणारे जाळीचे झाकण, एवढ्यावर प्रारंभ होतो. त्यास प्रोटीन स्किमरची जोड द्यावी. हे यंत्र पाण्यात बारीक बुडबुडे सोडून सेंद्रिय मळ फेसाच्या रूपाने बाहेर काढते. क्षारता मोजण्यासाठी रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा. विशिष्ट गुरुत्व १.०२३ ते १.०२६ यांच्या दरम्यान असावे, आणि एकदा ठरविलेला आकडा स्थिर ठेवावा. सामू ८.१ ते ८.४ आणि तापमान २४ ते २८ अंश राखावे.

आपल्या हवामानात पाणी तापविण्यापेक्षा थंड ठेवण्याचाच प्रश्न मोठा आहे. एप्रिल-मे महिन्यांत पेटीतील पाणी ३० अंशांच्या वर जाऊ लागले, तर पृष्ठभागावर लहान पंख्याचा वारा सोडावा. त्याने दोन-तीन अंशांचा फरक पडतो, मात्र वाफ अधिक होते, हे ध्यानात ठेवून गोडे पाणी भरीत राहावे. वीज खंडित होण्याचे प्रसंग पावसाळ्यात येतातच. त्यासाठी बॅटरीवर चालणारा हवापंप घरात तयार असावा. बंद डब्याची गाळणी असल्यास आणि वीज कित्येक तास गेलेली असल्यास, ती पुन्हा चालू करण्यापूर्वी उघडून धुवावी. आतील जिवाणू प्राणवायूअभावी मेलेले असतात, आणि ते कुजलेले पाणी पेटीत गेल्यास माशांस घातक ठरते.

माशांची निवड

आता शेवटी मासा. नवशिक्यासाठी क्लाऊन मासा, त्यातही नारिंगी अंगावर तीन पांढरे पट्टे असलेली ऑसेलॅरिस जात, ही सर्वांत योग्य निवड होय. तो आठ-नऊ सेंटिमीटरांहून फारसा वाढत नाही, तयार खाद्य आनंदाने खातो आणि नीट सांभाळल्यास दहा वर्षांहून अधिक जगतो. निसर्गात तो समुद्रफुलांच्या दंशक भुजांत राहत असला, तरी घरात त्यास समुद्रफुलाची गरज नसते. विशेष म्हणजे हे मासे प्रथम नर असतात, आणि जोडीतील वरचढ मासा पुढे मादी होतो. म्हणून दोन लहान पिल्ले एकत्र ठेवली की जोडी आपोआप जमते.

या निवडीमागे आणखी एक कारण आहे. क्लाऊन मासा माणसाच्या देखरेखीखाली अंडी घालतो व त्याची पिल्ले वाढविता येतात. कोची येथील केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाऊन माशाच्या अनेक जातींच्या प्रजननाचे तंत्र विकसित केले आहे. याउलट अनेक समुद्री शोभिवंत मासे आजही प्रवाळखडकांतून पकडून आणले जातात. आग्नेय आशियात काही ठिकाणी मासे गुंगविण्यासाठी सायनाइडचा वापर होत आला असून त्याने मासा व प्रवाळ दोहोंचीही हानी होते. म्हणून दुकानदारास ‘हा मासा पैदास केंद्रातील आहे काय?’ असे स्पष्ट विचारावे, आणि मासा आपल्यासमोर अन्न खातो हे पाहिल्यावाचून तो घेऊ नये.

क्लाऊनच्या जोडीस लहान गोबी, किंवा पैदास केंद्रातील बांगाई कार्डिनल हे शांत सोबती चालतात. दोनशे लिटरच्या पेटीत पहिल्या वर्षी चार-पाच लहान मासे पुरेत. ते एकाच वेळी न सोडता दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने सोडावेत. प्रत्येक नवा मासा निदान चार आठवडे निराळ्या साध्या पेटीत ठेवून पारखावा. अंगावर पांढरे ठिपके आणणारा परोपजीवी एकदा मुख्य पेटीत शिरला की त्यास घालविणे फार कठीण जाते. त्यावरील तांबेयुक्त औषध मुख्य पेटीत घालता येत नाही, कारण ते कोळंबी, शिंपले इत्यादी अपृष्ठवंशीय प्राण्यांस मारक असते.

काही मासे दुकानात कितीही मोहक दिसले तरी घेऊ नयेत. निळा टँग मासा लहानपणी अंगठ्याएवढा असतो, परंतु तो तीस सेंटिमीटरपर्यंत वाढतो. मूरिश आयडॉल आणि केवळ प्रवाळ खाणारे फुलपाखरी मासे काचपेटीत बहुधा उपाशीच मरतात. इतर माशांचे अंग साफ करणाऱ्या क्लीनर माशाचीही तीच गत होते. सिंहमाशाचे काटे विषारी असतात. मुले असलेल्या घरात तो नसावा.

कायदा आणि आपले उत्तरदायित्व

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूचींत २००१ साली प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्रघोडे व समुद्रकाकडी यांचा समावेश करण्यात आला. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेरमांडणी झाल्यानंतरही प्रवाळांचे संरक्षण कायम आहे. तेव्हा समुद्रातून प्रवाळाचा तुकडा काढून आणणे हा अपराध आहे, मग तो शोभेसाठी असो वा ‘जिवंत दगड’ या नावाखाली असो. म्हणूनच वर सिरॅमिक दगडांची शिफारस केली आहे. सूक्ष्म जीव त्यांतही तितक्याच समाधानाने राहतात.

दुसरे पथ्य याहून साधे, परंतु तितकेच महत्त्वाचे आहे. छंद सोडावयाचा झाल्यास पेटीतील मासे किंवा वनस्पती समुद्रात सोडू नयेत. मूळचा हिंद व प्रशांत महासागरांतील सिंहमासा १९८५ साली अमेरिकेतील फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ आढळला. मत्स्यालयांतून सोडलेल्या माशांपासून तो तेथे पसरला, असे मानले जाते. आज तेथील स्थानिक मासळीस त्याचा मोठा उपद्रव होत आहे. नको असलेला मासा दुसऱ्या हौशी माणसास अथवा दुकानदारास द्यावा. दया म्हणून समुद्रात सोडलेला एक मासा तेथील सहस्र माशांवर संकट आणू शकतो.

निर्णय घेण्यापूर्वी

पेटी विकत घेण्यापूर्वी घरातील मंडळींनी एकत्र बसून पुढील प्रश्नांची उत्तरे द्यावीत. दररोज दहा मिनिटे आणि आठवड्यातून दीड-दोन तास कोण देणार? दर आठवड्यास दहा टक्के, म्हणजे सुमारे वीस लिटर, पाणी बदलण्याचे काम आणि त्यासाठी लागणारे पाऊण किलो क्षार यांची तरतूद आहे काय? आपण चतुर्थीला गावच्या घरी गेलो असता पेटीकडे कोण पाहील? पंप, पंखा व दिवे यांच्या विजेचा खर्च मासिक हिशेबात बसतो काय? आणि पाच-सहा आठवडे रिकामी पेटी पाहण्याची आपली तयारी आहे काय?

यांपैकी एखाद्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आले, तर त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. गोड्या पाण्यातील गप्पी, प्लॅटी यांसारखे मासे वर्ष-दोन वर्षे सांभाळून पाणी तपासण्याची व बदलण्याची सवय अंगी बाणवावी, आणि मग समुद्राकडे वळावे. वाट पाहिल्याने काहीही बिघडत नाही. सर्व उत्तरे ‘होय’ अशी आली, तर मात्र खुशाल पेटी आणावी, वहीच्या पहिल्या पानावर तारीख लिहावी आणि पाणी भरावे. दीड-दोन महिन्यांनी त्या पाण्यात जेव्हा पहिला क्लाऊन मासा सोडला जाईल, तेव्हा त्याच्यासाठी घर आधीच तयार झालेले असेल.